मार्थाबाईंचं झाकलेलं फुलपात्र

"पाचवा उद्गार यंदा तुम्ही घ्या," पाळकसाहेब फोनवर म्हणाले आणि मी सरळ खोटं बोललो. म्हणालो, घसा बसलाय. ते हसले. "अहो, अजून तीन आठवडे आहेत की. उठेल तोवर." पाळकाला नाही म्हणायची कला मला पन्नाशी उलटली तरी जमलेली नाही.

मी आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवतो. सत्तावीस वर्षं झाली. पेटीवाल्याचं एक बरं असतं, तो सगळ्यांच्या पुढे बसतो पण त्याला बोलावं लागत नाही. त्यात उत्तम शुक्रवारची, गुड फ्रायडेची, उपासना म्हणजे दुपारी बारा ते तीन, आणि ते ऊन कसलं असतं हे सोलापूरकराला सांगायला नको. येशूने वधस्तंभावरून जे सात उद्गार काढले, त्या प्रत्येकावर मंडळीतलं एकेक माणूस उठून बोलतं आणि मधे मधे आम्ही गीतं म्हणतो. कुणी कोणता उद्गार घ्यायचा ते पाळक ठरवतात. फक्त पाचवा कधी ठरवावा लागला नाही. "मला तहान लागली आहे" हा उद्गार मार्था गायकवाडबाईंचा. बावीस वर्षं तो दुसऱ्या कुणी मागितला नाही, आणि मागितला असता तर बाईंनी दिलाही नसता.

मार्थाबाई गेल्या डिसेंबरात गेल्या. म्हणून हा फोन.

आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे चर्चच्या लोकांच्या वस्तीत, शिरलं की पहिल्या ओळीतलं पहिलं घर त्यांचं. उंच, काटकुळ्या, ताठ. लग्न केलं नाही. आयुष्यभर नर्सची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही ती सोडली नाही, फक्त पगार घ्यायचा थांबवला. बारीक काठाची पांढरी साडी, तीही नव्या पेठेतल्या एकाच दुकानातली. बाई पायरी चढताना दिसल्या की दुकानदार रंगीत गठ्ठे आपणहून बाजूला सारायचा. घड्याळ मनगटावर नाही, खांद्यापाशी साडीला पिनेने उलटं टांगलेलं. मनगटावर घड्याळ बांधणाऱ्या माणसाचे हात कधी नीट धुतले जात नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं. माझ्या मनगटाकडे त्या वीस वर्षं संशयानं बघत आल्या.

कुणाच्याही घरात गेल्या की त्यांची पहिली नजर माठावर. "झाकण कुठाय?" हा त्यांचा नमस्कार. घरचं झाकण फुटलं असेल तर आमच्यापैकी कुणीतरी मागच्या दारानं पळत जाऊन शेजारच्यांचं आणायचं. इंजेक्शन देताना "दुखलं का?" असं त्यांनी जन्मात कुणाला विचारलं नाही. सुई टोचायच्या आधीच "झालं" म्हणायच्या. आणि कुणी एखाद्या गोळीची वेळ चुकवली की एक वाक्य ठरलेलं होतं, "नियम पेशंटच्या सोयीसाठी नसतो, त्याला आपल्या मायेपासून वाचवायला असतो." हे वाक्य ऐकून मला त्यांची भीती वाटायची. ते त्या कुणाला सांगत होत्या, हे पुष्कळ उशिरा कळलं.

एवढ्या कडक बाई, पण त्यांच्या दारातून पोस्टमन, गॅसवाला, मतं मागायला आलेला कार्यकर्ता, कुणीही पाणी न पिता गेलं असं झालं नाही. नळाला पाणी पाच दिवसांआड येवो की सहा दिवसांआड, बाई आधी भांडं पुढे करायच्या आणि मग काम विचारायच्या.

उत्तम शुक्रवारी त्या एक पितळी फुलपात्र घेऊन यायच्या. चिंचेनं घासून लखलखीत केलेलं, काठोकाठ भरलेलं, वर झाकण. ते व्यासपीठाच्या कडेला ठेवायचं, घड्याळात बघायचं आणि बोलायला लागायचं. अंगातलं रक्त गेलं की शरीर पाणी कसं मागतं, जीभ टाळूला कशी चिकटते, ओठ कसे फुटतात, हे सगळं वॉर्डातल्या नव्या पोरींना शिकवावं तसं. बरोबर सात मिनिटं. त्यांच्यानंतर सहाव्या उद्गारावर आमचे शांतवनराव बोलायचे. "पूर्ण झाले आहे" हा त्यांचा उद्गार, आणि तो अर्ध्या तासाच्या आत त्यांच्याकडून कधी पूर्ण झाला नाही. बाई तोवर खाली येऊन बसलेल्या असायच्या. फुलपात्रातला एक थेंब त्यांनी प्यायलेला नसायचा. तीन वाजले की ते पाणी दारातल्या लिंबाच्या बुंध्याशी ओतायचं आणि घरी जायचं, असा क्रम होता.

आणि बाई बोलायला उभ्या राहिल्या की दरवर्षी आणखी एक गोष्ट व्हायची. डावीकडच्या पहिल्या बाकावरून एक गोल, गोरी, ठेंगणी बाई उठायची आणि बाहेर जाऊन त्याच लिंबाखाली उभी राहायची. बाईंचं संपून मी पेटीवर सूर धरला की परत येऊन बसायची. ती राहेलमावशी, मार्थाबाईंची सख्खी धाकटी बहीण. आमच्याच कंपाउंडमध्ये, मागच्या ओळीत राहायची. बालवाडीच्या बाई होत्या, हसायला लागल्या की सगळं अंग हसायचं. बावीस वर्षं या दोघी एका चर्चमध्ये बसल्या, एका नळावर पाणी भरलं, आणि एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

कारण सगळ्या कंपाउंडला ठाऊक होतं. त्यांच्या आईचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. दिवस उन्हाळ्याचे. म्हातारी पाणी पाणी करत होती. राहेलमावशींनी चमचाभर पाणी द्यायला भांडं उचललं आणि मार्थाबाईंनी ते हातातून काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली. पाणी दिल्यानं ती वाचली नसती आणि न दिल्यानं गेली नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं, पाळकांनी सांगितलं. राहेलमावशींनी एवढंच म्हटलं, "माझी आई तहानलेली गेली." त्यानंतर त्यांनी बहिणीशी बोलणं सोडलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही सगळे दफनभूमीत जातो. आपापल्या माणसांच्या कबरी धुवायच्या, चुना लावायचा. रविवारी पहाटे प्रभातफेरी तिथेच जाते आणि सूर्य उगवताना उपासना होते, म्हणून सगळं स्वच्छ लागतं. मार्थाबाई सकाळी सातला यायच्या, आईची कबर धुऊन चुना लावून दहाच्या आत परत. राहेलमावशी संध्याकाळी पाचला यायच्या, आणि जणू कुणी काही केलेलंच नाही अशी तीच कबर पुन्हा धुऊन पुन्हा चुना लावायच्या. अख्ख्या दफनभूमीत दोन हात चुना लागणारी तेवढी एकच कबर. आम्ही यावर हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

पण मला सर्वांत जास्त लागायचं ते वेगळंच. आमच्यात प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटतात त्याच्या, आधी पाळक सांगतात, कुणाच्या मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी समेट करा, मग या मेजाकडे या. बहुतेक लोक हे ऐकतात आणि अढीसकट भाकर घेतात. मीही घेतली आहे. मार्थाबाई घेत नसत. नियम म्हणजे नियम. ताट त्यांच्यासमोर आलं की त्या ते दोन्ही हातांनी नीट धरून शेजारणीकडे द्यायच्या. पेटीपाशी बसून ते मला स्पष्ट दिसायचं.

माझ्या बायकोचं, सुनीताचं, पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा बाई न बोलावता आल्या. सुनीताला पाणी बंद होतं. ती कळवळून मागायची आणि बाई ओल्या कापसानं तिचे ओठ टिपायच्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही जरा पाय मोकळे करून या, मी बसतो." त्या उठल्या नाहीत. सुनीता चिडून त्यांना नाही नाही ते बोलली. तरी उठल्या नाहीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती स्टुलावरची बैठक मोडली नाही. शेवटी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि बाईंनी पहिला चमचा तिच्या तोंडाशी नेला. हजारो इंजेक्शनं दिलेला तो हात, आणि अर्धं पाणी सुनीताच्या गळ्यावर सांडलं.

मग बाहेर बाकावर येऊन बसल्या. मी चहा दिला. तो हातात तसाच धरून म्हणाल्या, "अरुण, नर्स म्हणून मी बरोबर होते. आजही तेच करीन. पण मुलगी म्हणून मी जे केलं, ते राहेललासुद्धा नीट माहीत न्हाय." मी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "चहा गार होतोय."

आता गेल्या वर्षीचं. झावळ्यांच्या रविवारी पोरंबाळं हातात झावळ्या घेऊन चर्चला फेरी मारतात. आमच्याकडे त्या शिंदीच्या असतात, आणि शिंदीला काटे फार. अक्कलकोट रस्त्याला एका ओढ्याच्या काठावरून सलीमभाई दरवर्षी टेम्पोतून भरून आणतो. शनिवारी दुपारी टेम्पो आला की बाई कात्री, कापूस आणि डेटॉल घेऊन पायरीवर बसायच्या आणि एकेका झावळीचं टोक कापायच्या. सलीमभाईला याचा दरवर्षी अपमान वाटायचा.

"बाई, सब काटे छिलके लाया मैं. एक बी नै हय. तुमारी कैंची अंदर रखो."

"तू आधी हात दाखव."

हातावर ओरखडे असायचेच. बाई कापसानं पुसायच्या, तो तोंड वाकडं करायचा. त्या दिवशीही हे सगळं झालं आणि सवयीनं बाईंनी पाण्याचं भांडं पुढे केलं.

"रोजा हय, बाई."

बाई ओशाळल्या. रमझान चालू आहे हे त्यांच्या लक्षातून गेलं होतं. भांडं मागे घेत त्यांनी विचारलं, "एवढ्या उन्हात तहान लागत न्हाय रे?"

"लगती ना. दोपैरकू जीभ चिपकती तालूकू. पर शामकू पानी मिलनेका हय, ये मालूम रैता. जिसकू मालूमच नै मिलेगा की नै, उसकी प्यास अलग, बाई."

तो झावळ्या उतरवायला गेला. बाई कात्री मांडीवर ठेवून बसून राहिल्या. त्या वर्षी निम्म्या झावळ्यांची टोकं तशीच राहिली आणि रविवारी दोन पोरं टोचून घेऊन रडली.

उत्तम शुक्रवारी चर्च भरलं होतं. चौथा उद्गार चालू असताना वीज गेली, पंखे थांबले. बायका पदरानं वारा घ्यायला लागल्या. पावणेदोनच्या सुमाराला बाई उठल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, उपास धरलेला, आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नाही आणि तीन वाजेपर्यंत पाणीही नाही. फुलपात्र ठेवलं. मी सवयीनं डावीकडे बघितलं. राहेलमावशी उठायच्या खटपटीत होत्या, पण त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. काठी बाकाखाली घसरलेली. ती सापडेपर्यंत बाई बोलायला लागल्या होत्या, आणि मावशींना बसून राहावं लागलं.

बाईंनी त्या दिवशी घड्याळात बघितलं नाही.

"मी दरवर्षी तुमाला शरीराचं सांगते," त्या म्हणाल्या. "आज माझं सांगते. परवा एका रोजा धरलेल्या माणसानं मला सांगितलं, पाणी मिळणार हाय हे माहीत असलं की तहान सोसते. माझ्या आईला ते माहीत नव्हतं. ती विचारत होती, मार्था, कधी देशील? मी म्हटलं, डॉक्टर सांगतील तेव्हा. ते बरोबर होतं. पण त्यानंतर मी काय केलं? राहेलच्या हातातलं भांडं घेतलं आणि खोलीच्या बाहेर जाऊन उभी राहिले. राहेलला वाटलं, मी ड्युटीवर गेले. मी कुटं गेले नव्हते. दाराच्या पलीकडं भिंतीला टेकून उभी होते. आई मागत होती आणि मला ऐकवत नव्हतं, म्हणून. तिचे ओठ ओले करायला हवे होते, तिचा हात धरायला हवा होता. मी पाणी दिलं न्हाय हा माझा गुन्हा न्हाय. मी तिच्याजवळ..."

इथे आवाज थांबला. बाईंचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. एका हातानं व्यासपीठाची कड धरली होती. मला वाटलं, आता पडतात. मी उठणार, तेवढ्यात काठीचा आवाज आला. टक, टक. राहेलमावशी बाकांच्या मधून चालत होत्या. त्या एवढ्याशा अंतराला त्यांना किती वेळ लागला! कुणी त्यांना हात दिला नाही. कुणाला सुचलंच नाही.

दोन पायऱ्या चढून त्या बहिणीशेजारी उभ्या राहिल्या, फुलपात्रावरचं झाकण काढलं आणि ते बाईंच्या तोंडाशी नेलं.

"पी."

"तीन वाजले न्हाईत," बाई कशाबशा म्हणाल्या.

"पी म्हणते ना, आक्का."

बावीस वर्षांनी ती हाक ऐकली आम्ही. बाईंनी दोन्ही हातांनी बहिणीचं मनगट धरलं आणि पाणी प्यायल्या. घटाघटा, लहान मूल पितं तसं, सगळं. हनुवटीवरून पाणी ओघळून पांढऱ्या साडीवर पडत होतं. राहेलमावशींनी आपल्या पदरानं त्यांचं तोंड पुसलं. आणि मग सगळ्या मंडळीसमोर विचारलं, "दारातच होतीस? मग मला हाक का न्हाय मारलीस गं? दोघी बसलो असतो की."

त्यानंतर जे झालं त्याचा दोष माझा. बाईंचं संपलं की मी गीत सुरू करायचं असतं. डोळ्यांपुढे धूसर झालं होतं, बोटं आपोआप पडली, आणि मी जे गीत धरलं ते ईस्टरचं निघालं. पुनरुत्थानाचं! उत्तम शुक्रवारी दुपारी दोन वाजता, जेव्हा येशू अजून वधस्तंभावर आहे आणि दोन उद्गार बाकी आहेत. ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस आम्ही हालेलुया तोंडातून काढत नाही, आणि मी दोन दिवस आधीच काढलं. पाळकसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी भाता सोडणार होतो. पण बायकांनी उचललं होतं. मागच्या बाकांपर्यंत गेलं होतं. रडत रडत अख्खं चर्च ते गीत शेवटपर्यंत गायलं. त्या दिवशी शांतवनरावांनी सहावा उद्गार चार मिनिटांत पूर्ण केला.

रविवारी पहाटे बाईंसमोर प्रभुभोजनाचं ताट आलं. त्यांनी भाकर घेतली. ते सगळ्यांनी बघितलं, आणि नंतर कंपाउंडमध्ये महिनाभर तेच चाललं होतं. पुढे आठ-नऊ महिने दोघी बहिणींची भांडणंही ऐकू यायची, पाण्याच्या मोटारीवरून, भाजीतल्या तिखटावरून. बाई गेल्या तेव्हा मावशी त्यांच्या उशाशी बसून कापसानं ओठ ओले करत होत्या, असं सुनीता सांगते. मी तिथे नव्हतो. माझ्या डोळ्यांपुढे बाई येतात त्या मधल्या शनिवारच्या. पाचव्या उद्गारावर मला दुसरं काही बोलता येईलसं वाटत नाही. तेवढंच सांगेन आणि पेटीवर जाऊन बसेन.

शनिवारी सकाळी मी वडिलांच्या कबरीला चुना लावत होतो. आठ वाजले होते, ऊन चढायला लागलं होतं. चार ओळी पलीकडे दोघी बहिणी एकत्र आल्या होत्या. राहेलमावशींना वाकता येत नव्हतं, त्या शेजारच्या कट्ट्यावर काठी धरून बसल्या होत्या. मार्थाबाई बादलीत तेच पितळी फुलपात्र बुडवून आईच्या कबरीवर पाणी घालत होत्या. जपून, थोडं थोडं, हातानं पसरवत.

"आक्का, हात कशाला आखडायलीस?" मावशी म्हणाल्या. "ओत की. आईला भरपूर ओत."

बाई थांबल्या. फुलपात्र खाली ठेवलं. दोन्ही हातांनी भरलेली बादली उचलली आणि उशाच्या बाजूनं कबरीवर पालथी केली. पाणी वाहत मावशींच्या पायापर्यंत आलं. त्यांनी पाय उचलले नाहीत.

"बस?" बाईंनी विचारलं.

"अजून."

आणि मार्थाबाई रिकामी बादली घेऊन पुन्हा नळाकडे निघाल्या.